पाचवं वाक्य

सुरुवात बाहत्तर म्हाताऱ्यांपासून करावी लागेल. सोलापुरातल्या एका कॉलेजात मी भाषांतर शिकवतो आणि दर वर्षी पहिल्या तासाला हे म्हातारे वर्गात आणून बसवतो. मुलं त्यांना 'सरांचे म्हातारे' म्हणतात. मागची बॅच पुढच्या बॅचला आधीच सांगून ठेवते, त्यामुळे मी तोंड उघडायच्या आतच शेवटच्या बाकावर खसखस पिकते. मला ते आवडतं. ज्याला गोष्ट माहीत आहे त्यालाच पुन्हा घाबरवण्यात खरी मजा असते.

तर इजिप्तमध्ये एक ग्रीक राजा होता. अलेक्झांड्रियात त्याचं भलंमोठं ग्रंथालय होतं, आणि ज्यू लोकांचा धर्मग्रंथ आपल्याकडे नाही ही गोष्ट त्याला खुपत होती. ग्रंथ हिब्रूत होता आणि राजाला कळायची ग्रीक. त्याने जेरुसलेमहून विद्वान बोलावले. बारा कुळांतून सहा-सहा, असे बाहत्तर जण आले. पुढच्या सांगणाऱ्यांनी गोष्टीत भर घातली, आणि भर घालणाऱ्यांबद्दल मला फार माया आहे. राजाने म्हणे प्रत्येकाला वेगळ्या खोलीत कोंडलं, बोलणं नाही, भेटणं नाही. काम संपल्यावर बाहत्तर दारं उघडली आणि बाहत्तर भाषांतरं शेजारी शेजारी ठेवली. इथे मी एका मुलाला पंखा बंद करायला सांगतो. पंखा थांबला की मग सांगतो, की सगळी भाषांतरं अक्षरशः एकसारखी होती.

पण खरी थंडी वाजवणारी गोष्ट त्याच्यापुढे आहे. ज्यू परंपरेत असंही सांगतात की काही ठिकाणी या मंडळींनी मुळातलं वाक्य मुद्दाम बदललं. कुठे राजाचा गैरसमज होऊ नये म्हणून, कुठे त्याच्या राणीचा अपमान होऊ नये म्हणून. आणि बाहत्तर जणांनी, बाहत्तर बंद खोल्यांत, तेच शब्द तसेच बदलले. बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं येऊ शकतं, पण एकच बदल सगळ्यांना सुचतो, तेव्हा खोलीत आणखी कोण होतं असं विचारावंसं वाटतं. हे भाषांतर झालं तेव्हा जगावर तीन दिवस अंधार पडला, असंही काही जण सांगत. एवढं झालं की मी पंखा लावायला सांगतो.

मग चार मुलांना चार कोपऱ्यांत बसवून एकाच परिच्छेदाचं भाषांतर करायला देतो. चार तऱ्हेची चार भाषांतरं येतात, वर्ग हसतो, मीही हसतो. सारखी आली असती तर मी कॉपी धरली असती.

इतकी वर्षं ही गोष्ट मी अशी मजेत सांगत आलो. मागच्या मार्गशीर्षात ती माझ्याच अंगावर आली.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. नोकरी पुण्याला, पण तेव्हा ती रजा टाकून सोलापुरात आली होती, कारण तिच्या आईला, म्हणजे काकूंना, अर्धांगाचा झटका आला होता. काकू मूळच्या मंद्रूपच्या पलीकडच्या, जिथे माणसं एका वाक्यात मराठी सुरू करतात आणि कन्नडमध्ये संपवतात. लग्न होऊन सोलापुरात मराठी घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की आमच्या स्वयंपाकघरात ती भाषा नको. काकूंनी ते इतकं पाळलं की लेकीला कन्नडचं एक अंगाईगीतही मिळालं नाही. लहानपणी मी त्यांच्या घरी गेलो की त्या माझा कान धरून अस्सल मराठीत विचारायच्या, "आज काय खोटं सांगणार आहेस?"

झटक्याने त्यांची उजवी बाजू थोडी गेली आणि मराठी संपूर्ण गेली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, नंतर शिकलेली भाषा पुसली जाते आणि पहिली मागे राहते. कन्नड मागे राहिलं होतं, पण तेही अडखळत, शब्द एकमेकांत विरघळलेले.

मैत्रीण माझ्याकडे आली ती एका संध्याकाळी, चहालाही न थांबता.

"तुला कन्नड येतं ना?"

"भाजी घेण्यापुरतं. भाव विचारता येतो, कमी करून घेता येत नाही."

"मग एवढं भाषांतर भाषांतर करतोस त्याचा उपयोग काय?"

"उपयोग आहे. मला माणसं जमवता येतात. झालं काय?"

तिने सांगितलं. रोज दिवेलागणीला आई खाटेवरून पाय खाली सोडते. डोक्यावर पदर घेते. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघते आणि काहीतरी बोलते, रोज तेच. मग थांबते. कुणीतरी काहीतरी देणार आहे अशी वाट बघत बसते. ताट पुढे केलं तर हाताने बाजूला सारते. बराच वेळ जातो, मग तिचा चेहरा पडतो, पाय पुन्हा वर घेते आणि भिंतीकडे तोंड करून झोपते. जेवण राहतं ते राहतंच.

"सकाळी दोन घास खाते, तेवढंच. हाडं लागतात हाताला," ती म्हणाली. "मला तिला पुण्याला न्यायचंय, पण अशी कशी नेऊ? आणि ती माझ्याकडे बघत नाही रे. माझ्या मागे बघते, स्वयंपाकघरात. तिथे कुणी नसतं."

"शब्द काहीच कळत नाहीत?"

"एखाददुसरा. मला एवढंच कळतं की ती रोज काहीतरी मागते आणि मी देत नाही."

मला काकूंची काळजी वाटली हे खरं. पण माझ्या डोक्यात त्याच क्षणी बाहत्तर दारं उघडली हेही तितकंच खरं. मी म्हटलं, आपण तीन माणसं आणू. तिघांना एकत्र ऐकवू आणि वेगवेगळं बसवून अर्थ विचारू. म्हणजे कोण काय कल्पनेने घालतंय ते लगेच कळेल.

"नाटक्या," ती म्हणाली, "आई आहे ती माझी. तुझा तास नाही."

पण नाही म्हणाली नाही.

तिघं मिळायला सोलापुरात किती वेळ लागणार. एक होते तिच्याच इमारतीतले निवृत्त कारकून, अक्कलकोटकडचे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. दुसऱ्या त्यांच्या गल्लीत घरोघरी ज्वारीच्या कडक भाकरी पोचवणाऱ्या मावशी, मंद्रूपच्या. तिसरे अक्कलकोट मार्गावरचे एक बस कंडक्टर, वळसंगचे, माझ्या ओळखीचे. तोंडओळखीपलीकडे एकमेकांची ओळख नाही. आले तेव्हा मावशींनी पान तोंडात ठेवलं होतं आणि अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, जणू साक्ष द्यायला बोलावलंय.

हॉलमध्ये आम्ही बसलो. बाहेर कुठेतरी मागाची खटखट चालू होती. मैत्रिणीने देवापाशी दिवा लावला आणि काकूंनी पाय खाली सोडले.

मी तोवर हे नुसतं ऐकलं होतं. बघितल्यावर माझ्या चेहऱ्यावरचं हसू आपोआप गेलं. त्यांनी डाव्या हाताने पदर ओढून घेतला, पायांनी जमिनीवर चपला चाचपल्या आणि स्वयंपाकघराच्या दारावर नजर लावली. माणूस माणसाकडे बघतो तशी ती नजर होती, एका ठरावीक उंचीवर थांबलेली. मग त्या बोलल्या. जड, ओलं, घसरत जाणारं बोलणं. मी मोबाइल खाटेजवळ धरला होता. बोलणं संपलं आणि त्या थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. पंखा फिरत होता. मला मान वळवून स्वयंपाकघराकडे बघायचं होतं आणि मी बघितलं नाही.

शेवटी काकूंनी पाय वर घेतले. मग मी तिघांची पांगापांग केली. अण्णा देवघराच्या खोलीत, मावशी स्वयंपाकघरात, कंडक्टर न्हाणीघरात.

"सर, हितं बसायला जागा न्हाय की," कंडक्टर आतून म्हणाले.

"बादली उपडी करा."

मैत्रीण आणि मी एकेकाकडे गेलो. अण्णांनी घसा खाकरून कार्यालयीन मराठीत सांगितलं, "दिवा लावला आहे. वासरू बांधलं आहे. पाणी भरून ठेवलं आहे. मी निघते आहे. बरं, सावकाश ये."

कंडक्टर बादलीवर बसून म्हणाले, "दिवा लावलाय, वासरू बांधलंय, पानी भरलंय. निघते मी. बरं, सावकाश ये. लई सोपं हाय की सर, ह्याला माणसं कशाला कोंडायची?"

मावशी ओट्याला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सुरुवात केली आणि माझी मैत्रीण त्यांच्याबरोबर ओठ हलवू लागली. दिवा, वासरू, पाणी, निघते. 'सावकाश ये' हे पाचवं वाक्य संपवून दोघींचे ओठ एकाच वेळी मिटले.

मला आनंद व्हायला हवा होता. हजारो वर्षांच्या दंतकथेला मी एका संध्याकाळी, उपड्या बादलीच्या मदतीने, खरं करून दाखवलं होतं. पण काहीतरी जुळत नव्हतं, म्हणून मी तिघांना हॉलमध्ये बोलावलं आणि मोबाइलवरचा आवाज लावला. आता अर्थ माहीत असल्याने तुकडे मलाही लागत होते. दीपा हच्चीनि. करा कट्टीनि. नीर तुंबीनि. होगि बर्तीनि. आणि मग पंखा. पुढे पंखाच.

पाचवं वाक्य त्यात नव्हतं.

मी पुन्हा लावलं. आवाज वाढवून लावलं. चार वाक्यं आणि शांतता.

"सावकाश ये, हे कुठे आहे?" मी विचारलं.

"बोलल्या की," अण्णा म्हणाले. "आवाज बारीक झाला होता, पण बोलल्या. मी स्वतः ऐकलं."

"म्हातारी न्हाय बोलली ते," मावशी म्हणाल्या. "आतनं आलं. सैपाकघरातनं."

कंडक्टर मावशींकडे वळले. "मला वाटलं तुमीच म्हणालात."

"मी? माज्या तोंडात पान हाय. आन् मी हितं तुमच्याम्होरं बसलेवते."

अण्णांनी शर्टाची बाही खाली ओढली. काकू भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मैत्रीण उठली, स्वयंपाकघरातला दिवा लावला, आत जाऊन उभी राहिली आणि परत आली. पाहुण्यांनी निघायची घाई केली. कंडक्टर दारात "येतो" म्हणाले आणि तिथेच घुटमळले, कारण मैत्रिणीचं लक्ष नव्हतं. मी "या" म्हटलं तेव्हा ते जिना उतरले.

त्या रात्री मी स्वतःला समजावलं, की ही भाषांतरकारांची नेहमीची खोड आहे. वाक्य अर्धवट वाटलं की पदरचं घालून पूर्ण करायचं. तिघांनीही घातलं, तिघंही एकाच मुलखातले, म्हणून सारखं घातलं. पाचवं वाक्य मी खोडून टाकलं आणि चार वाक्यांवर काम सुरू केलं.

काम म्हणजे काय, तर "निघते" म्हणतात ना, मग नेऊन आणू. दुसऱ्या दिवशी दुपारी रिक्षा बोलावली. काकूंना उचलून बसवलं, तळ्यावर नेलं, बाजारातून फिरवलं. त्यांनी कशाकडे बघितलं नाही. संध्याकाळी दिवा लागला आणि पाय खाली.

"आता काय, वासरू आणू का?" मैत्रीण म्हणाली. ती चिडली होती, आणि चिडली की ती फार नीटनेटकं बोलते.

मी तिला सांगत बसलो. भाषांतराच्या दोन वाटा असतात. एकीत शब्दाला शब्द ठेवायचा. त्या बाहत्तरांच्या नंतर एक जण असा निघाला की त्याने हिब्रूतला प्रत्येक खडा वेचून ग्रीकमध्ये नेला, ज्या शब्दाला ग्रीकमध्ये काही कामच नव्हतं त्यालासुद्धा काहीतरी काम लावून दिलं. दुसऱ्या वाटेत शब्द सोडायचे आणि भाव धरायचा.

"शब्द मिळाले," ती म्हणाली. "भाव पण मिळाला, रिक्षातून फिरवून आणला. ती अजून उपाशी आहे. मला अर्थ नकोच आहे तुझा. ती काय मागते तेवढं सांग."

त्याचं उत्तर मला सुचलं ते चार दिवसांनी, भर वर्गात.

मी मृत समुद्राजवळच्या गुहांबद्दल सांगत होतो. त्याचं असं आहे, की बाहत्तरांच्या त्या ग्रीक भाषांतरात काही ठिकाणी असे शब्द आहेत जे नेहमीच्या हिब्रू प्रतीत सापडत नाहीत. शतकानुशतकं लोक म्हणत, ग्रीकवाल्यांनी पदरचं घातलं. मग त्या गुहांत फार जुन्या हिब्रू गुंडाळ्या मिळाल्या, आणि त्यांतल्या काहींमध्ये नेमके तेच शब्द होते. म्हणजे त्या जागी भाषांतरकारांनी काही घातलंच नव्हतं. त्यांच्यासमोर आणखी एक मूळ होतं, ते मधल्या काळात हरवलं होतं आणि...

वाक्य तिथेच सोडून मी खडू ठेवला. मुलांना वाटलं, आता पंखा बंद करायला सांगतील. मी बाहेर जाऊन मैत्रिणीला फोन लावला.

"पाचवं वाक्य त्यांनी घातलेलं नाही," मी म्हणालो. "ते कुठेतरी आहे. आपल्या मोबाइलवर नाही एवढंच. तुझ्या आईचं माहेर अजून आहे का?"

रविवारी आम्ही तिच्या गाडीने निघालो. काकूंपाशी भाकरीवाल्या मावशी बसल्या, पण दिवा लागायच्या आत परत यायचं, ही त्यांची अट होती. "दिसा बसते मी," त्या म्हणाल्या. "दिवं लागल्यावं न्हाय."

मंद्रूप मागे टाकलं की रस्ता सरळ आणि रिकामा होतो, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधूनच एखादं शेळ्यांचं खांड. माहेरच्या घरात काकूंच्या भावाची बायको होती, वयाने काकूंच्याच बरोबरीची. मैत्रिणीने तिला लहानपणी कधीतरी लग्नात पाहिलं होतं. मामींनी तिच्या गालांवरून हात फिरवून कन्नडमध्ये काही म्हटलं, मग लक्षात येऊन मराठीत म्हटलं, "आईचंच तोंड हाय की." आम्ही चौकशीला सुरुवात करणार तोच त्यांनी जेवायला बसवलं.

योगायोगाने त्या दिवशी मामींची लेक माहेरपण आटपून सासरी निघाली होती. दुपार उतरत होती. पिशव्या ओट्यावर ठेवलेल्या, दीर मोटरसायकल घेऊन बाहेर उभा. आमच्याशी हसतखेळत बोलत असलेली ती बाई एकदम गंभीर झाली. लख्ख ऊन असताना तिने आत जाऊन देवापुढे दिवा लावला. मग उंबऱ्याच्या आतल्या बाजूला आली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला. दिराने मोटरसायकल बंद केली.

"दीपा हच्चीनि," ती म्हणाली. "करा कट्टीनि. नीर तुंबीनि. होगि बर्तीनि."

गोठ्यात वासरू नव्हतं. गोठाच नव्हता, तिथे आता मोटरसायकली लावत. पण तिने ते सगळं सांगितलं, घरातली कामं पुरी केली, माझं इथे काही राहिलं नाही, असा हिशेब दिल्यासारखं. आणि थांबली. नजर स्वयंपाकघराच्या दारावर.

आत अंधारात मामी भांडी लावत होत्या. त्यांनी वर बघितलंही नाही.

"हं, सावकाश बा."

तेव्हा ती वळली, उंबरा ओलांडला आणि पुन्हा हसतखेळत पिशव्या उचलू लागली.

माझ्या हातावर काटा आला होता आणि त्याच वेळी मला टाळी वाजवावीशी वाटत होती. हरवलेलं मूळ माझ्यासमोर उभं राहून बोललं होतं. अण्णा, मावशी, कंडक्टर, तिघांनी लहानपणापासून हे असंच ऐकलं असणार. त्यांच्या कानात ही चार वाक्यं पाचव्याशिवाय कधी आलीच नव्हती. समोरून उत्तर आलं नाही तेव्हा ज्याच्या त्याच्या कानाने ते जागच्या जागी बसवलं. कुणाला खाटेवरून ऐकू आलं, कुणाला स्वयंपाकघरातून. सगळ्याचा खुलासा झाला होता. तो सांगायला मी मैत्रिणीकडे वळलो, तर ती मामींकडे बघत होती.

तिने मामींना विचारलं, "आणि आतून कुणी काही म्हटलंच नाही तर?"

"मग कशी जाईल?" मामी म्हणाल्या. "बसायचं परत. म्हणंस्तवर जायचं न्हाय."

"कुणी म्हणायचं असतं?"

"घरात जे मोटं असंल त्यानं."

"मोठं कुणी उरलं नसलं तर?"

मामी हात पुसत बाहेर आल्या. "मग जे हाय ते मोटं," त्या म्हणाल्या.

परतताना शहराच्या कडेची घरं दिसू लागली तेव्हा तिने विचारलं, "म्हणजे ती निघायची परवानगी मागतेय."

"हो."

"आणि मी दिली तर?"

मी माझ्या बाजूची काच खाली केली.

"नाही दिली तर उपाशी झिजून जाईल," तिने स्वतःलाच सांगितलं. "रोज पाय खाली सोडून, रोज वर घेऊन. हे मी किती दिवस बघू?"

सिग्नलला थांबल्यावर मी भित्रेपणाने सुचवलं, की आधी मराठीत म्हणून बघ. भाषांतरात म्हटलं तर कदाचित अर्धंच लागू पडेल.

ती हसली. त्या सगळ्या दिवसांत ती एकदाच हसली.

आम्ही पोचलो तेव्हा मावशी चपला घालून दारातच उभ्या होत्या. दिवा लागायची वेळ झालीच होती. मैत्रिणीने हातपाय धुतले, दिवा लावला. मी खाटेसमोरच्या सोफ्यावर बसलो. काकूंनी पाय सोडले, पदर घेतला, चार वाक्यं म्हटली आणि वाट बघू लागल्या.

मैत्रीण त्यांच्यासमोर उभी होती. ती म्हणाली, "बरं, सावकाश ये."

'सावकाश' हा शब्द दोन्ही भाषांत एकच. तो ऐकून काकूंची नजर दारावरून सुटली, लेकीच्या चेहऱ्यापर्यंत आली, तिथे क्षणभर शोधत राहिली. मग पुन्हा दाराकडे गेली. हे उत्तर त्यांच्यासाठी नव्हतं, किंवा या बाईने द्यायचं नव्हतं.

मैत्रिणीने माझ्याकडे बघितलं नाही. ती वळून स्वयंपाकघरात गेली. आतला दिवा लावला नाही. मला सोफ्यावरून दाराचा फक्त काळा चौकोन दिसत होता. काकूंची नजर जिथे रोज थांबायची, तिथे ती उभी राहिली असणार.

"हं," आतून आवाज आला. "सावकाश बा."

तिचा आवाज मी चौथीपासून ऐकतोय. तो तिचाच होता, एवढं मी शपथेवर सांगेन. पण तो वयाने मोठा होता, आणि त्यात तिला न येणाऱ्या भाषेची जुनी सवय होती.

काकूंनी मान हलवली. त्यांचे खांदे सैल झाले. एसटीतून उतरलेलं माणूस आधी जरा उभं राहतं आणि आजूबाजूला बघतं, तशा त्या खोलीकडे बघू लागल्या. पंखा, भिंतीवरचं घड्याळ, टीव्ही. मग मी दिसलो. त्यांनी पदर सारखा केला आणि अनोळखी माणसाला विचारावं तसं अदबीने विचारलं, "आराम अदीरी?"

भाजीबाजारातल्या कन्नडला एवढं कळतं. बरे आहात ना, असं त्या मला विचारत होत्या. माझा कान धरणाऱ्या काकू.

मैत्रीण बाहेर आली. ताट घेऊन आली होती. काकू जेवल्या. भाकरी, आमटी, थोडा भात, सगळं जेवल्या. तिने आणखी वाढायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी ताटावर तळवा आडवा धरला, दुसऱ्याच्या घरी धरतो तसा, आणि संकोचून नको म्हणाल्या. लेकीला त्या घरच्या यजमानीणबाईंसारखं वागवत होत्या. जेवण झाल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि जेवणाचं कौतुक केलं.

मैत्रीण ताट घासायला आत गेली आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.

त्यानंतर ती चार वाक्यं काकूंनी कधी म्हटली नाहीत. वजन वाढलं. डॉक्टर खूश आहेत, म्हणतात, प्रगती आहे. काकू खाटेवर नीट बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करतात, कशालाही न विचारता हात लावत नाहीत. या घरात त्या पाहुण्या आहेत. जी बाई इथे चाळीस वर्षं राहिली ती त्या संध्याकाळी निघून गेली, आणि कुठे पोचली ते आम्हाला माहीत नाही. अण्णा म्हणतात, मेंदूचं आहे सगळं. मावशी भाकरी दारातूनच देतात.

मी मैत्रिणीला म्हटलं, "आता त्या जेवतायत, तब्येत सुधारलीय. ने पुण्याला. पाहुण्याला काय, हे घर काय आणि ते घर काय."

"हिला नेता येईल," ती म्हणाली.

"मग?"

"जी गेली तिला मी सावकाश ये म्हटलंय. ती आली आणि दाराला कुलूप असलं तर?"

मी हे हसण्यावारी न्यायला हवं होतं. माझा तो धंदाच आहे. पण तिने ते रेल्वेच्या वेळा सांगाव्यात तसं सांगितलं होतं.

पुण्याचा फ्लॅट तिने सोडला. ऑफिसने घरून काम करायची सोय दिली. सामान आणायला ती स्वतः गेली होती. येताना टेम्पो टेंभुर्णीला बिघडला आणि मेकॅनिक म्हणाला, संध्याकाळ होईल. काकूंपाशी अण्णांची बायको होती, जेवणाचीही सोय होती, काळजीचं कारण नव्हतं. तरी ती हायवेवर उभी राहिली, पहिली मिळाली ती एसटी पकडली, आणि कपाट, गाद्या, फ्रिज सगळं ड्रायव्हरच्या भरवशावर सोडून दिवा लावायच्या वेळेला घरी पोचली.